न घेतलेल्या शेअरचा भाव

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर उशांच्या खोळी वाळत घालत होते. सकाळचे नऊ-सव्वानऊ झाले असतील. फोन तिच्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा. "मंगलाताई, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "येते" म्हटलं, उरलेल्या दोन खोळी दोरीवर टाकल्या, त्यांना चिमटे लावले आणि खाली आले. चार महिने ती आजारी होती, आज ना उद्या हे व्हायचंच होतं, म्हणून असेल, रडू आलं नाही. जे आलं ते लिहायला हात धजावत नाही. पण या पुरवणीच्या संपादकांनी तिची सर्वांत जुनी मैत्रीण म्हणून मला लिहायला सांगितलं आहे, आणि मी खोटं लिहिलं तर सुजाता ते दुसऱ्याच ओळीत पकडेल अशी मला अजून भीती वाटते. तर पहिला विचार मनात आला तो असा... सुटले. आता कुणी माझी तिच्याशी तुलना करणार नाही. मीसुद्धा करणार नाही.

ती सुटका घाटापर्यंतही टिकली नाही. तिथे माणसं मावत नव्हती. मोठ्या गाड्यांतून आलेले लोक होते, ते असणारच, पण इस्पितळातल्या नर्सा ड्यूटीच्या गणवेशात थेट आल्या होत्या, दोन अंगणवाडी सेविका होत्या, एक रिक्षावाला तर हुंदके देत होता. भंतेजी त्रिशरण म्हणत होते आणि एवढी गर्दी एका आवाजात मागून म्हणत होती. मी हात जोडून उभी होते आणि मनात हिशेब चालला होता की माझ्या वेळी किती येतील. शेजारपाजारचे, कॉलेजातल्या चारदोन बाया, मुलाचे मित्र... साठीच्या घरातली बाई मी, मैत्रिणीच्या चितेसमोर उभी राहून तिच्या गर्दीचा हेवा करत होते.

सुजाता ढोके हे नाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ती सी.ए. होती. मुंबईत एका म्युच्युअल फंडाच्या कंपनीत वीसेक वर्षं होती, कंपन्या तपासणारी म्हणून लागली आणि पुढे लोकांच्या पैशाचा फंड सांभाळणारी झाली. मग नागपूरला परत येऊन तिने गुंतवणुकीचा सल्ला देणारं स्वतःचं ऑफिस काढलं. आणि ती मिल कामगाराची मुलगी होती.

आमची गाठ पडली कॉमर्स कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आमचं नागपूरच्या महाल भागात भांड्यांचं दुकान होतं. कॉलेज सुटलं की ती माझ्याबरोबर दुकानात यायची, माझे वडील, अण्णा, आम्हाला चहा मागवायचे. भांडी बांधायला अण्णा इंग्रजी पेपरांची रद्दी घेत, कारण तो कागद मोठा. सुजाता त्या रद्दीचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्यातली शेअरच्या भावांची पानं वेगळी काढत बसायची. त्याच वर्षी तिच्या वडिलांची मिल बंद पडली होती. एके दिवशी तिने अण्णांना विचारलं, "काका, मिल बंद पडणार, हे आधी कोणाले दिसत नव्हतं का हो? कुठे तरी लिहिलं असन ना?"

कॉलेजातल्या सरांना तिने हेच विचारलं होतं आणि ते हसले होते. अण्णा हसले नाहीत. हातातला तराजू खाली ठेवून म्हणाले, "मले दिसलं होतं पोरी. मिलच्या कँटीनवाल्यानं दोन वर्षांपासून एक वाटी नवीन घेतली नव्हती. फुटकी पातेली डाग लावून नेऊन राहिला होता. ज्या घरचं स्वयंपाकघर असं झालं, थ्या घरचं काय राहिलं?"

सुजाताच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते मला आजही दिसतं. त्या दिवसापासून ती अण्णांची झाली. शनिवारी दुपारी ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे येऊ लागली. कोणता व्यापारी उधारीत का बुडतो, कोणाचं दुकान भरलेलं दिसतं पण माल जुनाच असतो, असलं सगळं ते तिला सांगत आणि ती ऐकत असे. मी त्याच दुकानात लहानाची मोठी झाले होते. मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्या वडिलांच्या डोळ्यांत जी चमक हिच्यासाठी येते ती माझ्यासाठी येत नाही.

पदवीनंतर आम्ही दोघी एकाच फर्ममध्ये सी.ए.च्या उमेदवारीला लागलो. एकदा आम्हाला मौद्याजवळच्या एका राइस मिलमध्ये धानाच्या साठ्याची मोजणी करायला पाठवलं. मिलच्या मालकाने आम्हाला पोहे खाऊ घातले, गोदाम उघडलं आणि म्हणाला, "पाहून घ्या बेटा, छतापर्यंत माल आहे." होताच. मी समोरच्या रांगा मोजल्या, बाजूच्या रांगा मोजल्या, उंचीने गुणलं आणि आकडा लिहून मोकळी झाले. माझा गुणाकार कधी चुकत नसे. वळून पाहते तर सुजाता पदर खोचून पोत्यांवर चढत होती. मालक खालून ओरडत होता, "अहो बाई, पडाल!" वर जाऊन ती दिसेनाशी झाली. मग तिचा आवाज आला, कुठून तरी खोलातून आल्यासारखा... "मंगे, आतमंदी काहीच नाही वं! हे तर नुसत्या भिंती हायेत!"

थप्पी मधून पोकळ होती. चारी बाजूंनी पोती रचून आत मोकळी जागा सोडलेली. ती खाली आली तेव्हा केसांत कोंडा, कोपर खरचटलेलं, आणि चेहरा असा की जणू कुणी मोठं बक्षीस दिलंय.  दुसऱ्या दिवशी फर्ममधल्या सरांनी विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?" सुजाता पटकन म्हणाली, "आम्ही दोघींनी पाह्यलं, सर." सरांनी आम्हा दोघींना शाबासकी दिली. ती शाबासकी मी घेतली, आणि तिने मला वाटा दिला याचाच मला जास्त राग आला. माझा आकडा लिहिलेला कागद तिने केव्हा फाडून टाकला होता कुणास ठाऊक, सरांनी तो कधी पाहिला नाही.

मग फायनलच्या परीक्षा. पहिल्यांदा मी नापास, तीही नापास. दुसऱ्यांदा ती पास, मी नापास. निकाल फळ्यावर लागला होता, आम्ही दोघी एका सायकलवर गेलो होतो आणि परत येताना ती सायकल चालवत होती, मी मागे बसले होते. ती रस्ताभर एक शब्द बोलली नाही, माझ्या दुःखाचा मान राखत होती. तिने आनंदाने किंचाळावं असं मला वाटत होतं, म्हणजे तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

घरी माझी आत्या आली होती. ती म्हणाली, "तिचं काय, त्यांना सवलत असते." मला ठाऊक होतं की त्या परीक्षेत कुणालाच कसली सवलत नसते. पास होण्याची अट सगळ्यांना एकच, पेपर तपासणाऱ्याला नावही दिसत नाही. हे त्या घरात फक्त मला आणि अण्णांना माहीत होतं. अण्णा दुकानात होते. मी पाण्याचा पेला उचलला, हळूहळू प्यायले आणि काही बोलले नाही. ते न बोलणं मला गोड लागलं, हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे. त्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी पेढे आणले. मला वाटलं, माझी समजूत काढायला आणले असतील. त्यांनी डबा कापडात बांधला आणि म्हणाले, "चाल मंगल, सुजाताच्या घरी जाऊन येऊ."

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर मी ते सोडलं. लग्न झालं. यजमान वीज केंद्रात अभियंता, माणूस सरळ, सासर मात्र पुण्याकडचं, तिथे 'मले-तुले' चालत नसे. सहा महिन्यांत मी माझी बोली धुऊन स्वच्छ केली. कनिष्ठ महाविद्यालयात बुककीपिंग शिकवू लागले, तीस वर्षं शिकवलं. सुजाता मुंबईला गेली. तिथे इंग्रजीत मोठमोठ्या लोकांशी बोलायची, पण मला फोन केला की सुरुवात तीच, "काय करून राहिली वं?" तिला काहीच धुवावं लागलं नाही, याचाही मला हेवा वाटे.

तिच्या कामाविषयी तीच सांगायची. कुठल्याही कारखान्यात गेली की साहेबाच्या केबिनमध्ये बसायच्या आधी ती कामगारांच्या कँटीनमध्ये चहा मागायची. पाळी बदलताना फाटकाबाहेर उभी राहून माणसांचे चेहरे पाहायची. तिचे वरिष्ठ आधी हसत, मग पाठीमागे येऊ लागले. एकदा तिचा फोटो इंग्रजी अर्थविषयक दैनिकात आला, पाव पानाचा. यजमानांनी तो कौतुकाने माझ्यासाठी ठेवला. मी तो स्वयंपाकघरातल्या फडताळात अंथरला, फोटोची बाजू खाली, आणि वर डाळींचे डबे मांडले.

त्या सुमारास तिने मला एका कंपनीचं नाव सांगितलं होतं. शेतीच्या पंपांचे सुटे भाग करणारी लहानशी कंपनी, तेव्हा कुणाला माहीत नव्हती. तिने स्वतःच्या पगारातून तिचे शेअर घेतले होते. "थोडे घेऊन ठेव मंगे, अन् विसरून जाय. तुह्या पोराच्या शिक्षणाले होईन." मी म्हटलं, "आम्हाला नको बाई हे जुगाराचे प्रकार." आणि पोस्टात आवर्ती ठेव उघडली. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी पेपरात त्या कंपनीचा भाव पाहू लागले. पडला की दिवस चांगला जाई. वर्ष गेलं, दोन गेली, तो पडेनासा झाला. दहा वर्षं, पंधरा वर्षं... पेपर बंद होऊन मोबाईल आला तरी मी पाहत राहिले. मुलाच्या शिक्षणाला आम्ही कर्ज काढलं. मी कधी न घेतलेल्या एका शेअरचा भाव मी आयुष्यभर वाचला आणि तो जेवढा वाढला तेवढं काहीतरी माझ्या खिशातून कुणी काढून नेतंय असं मला वाटत गेलं.

तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा सुजाता सगळं सोडून नागपूरला आली. आमच्या प्रताप नगरात, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे तिने फ्लॅट घेतला. "तू हायेस म्हणून इथंच घेतला," म्हणाली. ऑफिस मात्र महालात थाटलं, जुन्या बाजारात, साड्यांच्या दुकानावर. मला मनातल्या मनात एकच आधार होता की हिला नवरा नाही, मूल नाही. मग माझा मुलगा करिअरचं विचारायला माझ्याऐवजी सुजाता मावशीकडे जाऊ लागला आणि तोही आधार राहिला नाही. अण्णा थकले होते, दुकान विकलं होतं. शेवटच्या आजारात त्यांना भ्रम व्हायचा. मी भरवत असताना एकदा त्यांनी डोळे उघडून विचारलं, "सुजाता आली का?" मी म्हटलं, "आली, अण्णा. मीच आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान फिरवली...

आता जे सांगायचं त्यासाठी हा लेख मी लिहायला घेतला.

माझ्या कॉलेजातल्या दहाबारा जणींनी माझ्या ओळखीने सुजाताच्या सल्ल्याने पैसे गुंतवले होते. महिन्याला थोडे थोडे, पगारातून. त्यांत कुंदाताई होत्या, प्रयोगशाळेत सहायक. नवरा तरुणपणी गेलेला, एक मुलगी. मुलीला फिजिओथेरपीला घालायचं म्हणून त्या साठवत होत्या. मग जगभरचे बाजार कोसळले ते वर्ष आलं. रोज सकाळी शिक्षक खोलीत एकच विषय. सुजाता प्रत्येकीला फोन करून सांगत होती, घाबरू नका, काढू नका, दोन-तीन वर्षांचा धीर धरा. एका मधल्या सुट्टीत सगळ्या माझ्या टेबलाभोवती जमल्या. कुंदाताई म्हणाल्या, "मंगलाताई, तुम्ही तर त्यांच्या जुन्या मैत्रीण. वरून कॉमर्सच्या शिक्षिका. तुम्ही काय केलं तुमच्या पैशांचं?"

माझे पैसे सुजाताकडे नव्हतेच. कधीच नव्हते. हे कुणाला माहीत नव्हतं. मला एवढंच म्हणता आलं असतं की मी ठेवलेलेच नाहीत. किंवा, सुजाता सांगते तसं करा. दोन्ही वाक्यं सोपी होती. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "मी तर काढून घेतले."

 त्या आठवड्यात नऊ जणींनी पैसे काढले, अगदी तळाला असताना. सुजाताच्या ऑफिसमधून बोंब महालभर झाली, तिची जिवाभावाची मैत्रीणसुद्धा पैसे काढून गेली म्हणे. आणखी लोक गेले. त्या दिवसांत संध्याकाळी मी तिच्या घरावरून फिरायला जायची. तिच्या खिडकीत दिवा असायचा. एकदा ती बाल्कनीत उभी दिसली, नुसती, कठड्याला टेकून. तिने हात केला, मीही केला. घरी येऊन मी वरणाला फोडणी दिली आणि जिभेवर जे नाचत होतं त्याला आनंद म्हणतात हे मला चांगलं कळत होतं.

तीन वर्षांत बाजार वर आला, आधीपेक्षाही वर. ज्या थांबल्या त्यांचं भलं झालं. कुंदाताईंच्या मुलीला त्या वर्षी फिजिओथेरपीला जाता आलं नाही. ती साधी बी.एससी. झाली. मी कुंदाताईंबरोबर रोज डबा खात होते.

आता शेवटची भेट. मार्च अखेरची दुपार होती. सुजाताची दृष्टी औषधांनी अंधूक झाली होती, म्हणून ती मला कंपन्यांचे वार्षिक अहवाल मोठ्याने वाचायला लावायची. मी अध्यक्षांचं भाषण वाचत होते, "आव्हानात्मक परिस्थितीतही..." ती उशीवरून हसली. "थांब. 'आव्हानात्मक' आलं ना, की समजायचं, काहीतरी लपवून राहिला." मग जरा वेळ डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. मी अहवाल मिटला.

"मंगे," ती म्हणाली, "तुह्ये पैसे माह्याकडे कधीच नव्हते. मग तू काढले काय वं?"

 सोळा-सतरा वर्षांत तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. "तुला... केव्हापासून माहीत होतं?"

"त्याच आठवड्यात. तुमच्या बाया रडत सांगून राहिल्या होत्या, मंगलाताईनं पण काढले म्हणून. मी फाईल पाहून राहिली अन् विचार करून राहिली, मंगीनं काढले काय?" ती हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती.

"मग सांगितलं का नाहीस त्यांना? माझं नाव सांगून मोकळी झाली असतीस. तुझं एवढं नुकसान..."

"माह्यं काय, माह्यं भरून आलं. कुंदाचं भरलं नाही पुरतं." तिने डोळे उघडले. "मी तिच्या घरी चार चकरा मारल्या. दरवाजा नाही उघडला बाईनं. दोन वर्षांनी उघडला. पण तेवढ्यात पोरीचं वय निघून गेलं होतं ना... मी तुह्यावर लय चिडली होती, मंगे. मनातून पार उतरली होती तू. मग अण्णा गेले. तेराव्याला तू एका कोपऱ्यात बसली होती, अन् मले वाटलं, हिच्या घरी येऊन मी हिचं काय काय घेऊन गेली."

"काहून तसं म्हणतेस..." माझ्या तोंडून निघालं. पस्तीस वर्षांनी माझ्या तोंडून माहेरचं 'काहून' निघालं होतं.

तिने माझा हात धरला नाही. मिठी वगैरे काही झालं नाही. ती म्हणाली, "कुंदाले सांगजो. मी नाही सांगणार. थे तुह्यं काम आहे." आणि मग, जसं काही रोजचंच बोलणं चाललंय अशा आवाजात, "अन् माह्या ऑफिसात शनिवारी बाया शिकाले येतात, दोन वाजता. मी गेल्यावरही येतीन त्या. त्याहिले माहीत नाही कुठं जायचं." एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. पुढच्या आठवड्यात तिला इस्पितळात हलवलं आणि मग भेटीची परवानगी नव्हती.

शोकसभेत कुंदाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आपण दोघी चुकलो होतो हो तेव्हा. मला तर त्यांनी पुन्हा सुरू करून दिलं. तुम्हालाही दिलं असेल ना?" मी मान हलवली. कशी हलवली ते मला सांगता येणार नाही, हो आणि नाहीच्या मध्ये कुठेतरी.

दहा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. दारातच सांगितलं, कारण आत बसले असते तर सांगितलं नसतं. "कुंदाताई, माझे पैसे नव्हतेच तिच्याकडे. मी खोटं बोलले होते."

त्यांना कळायला वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं. मग त्या फार हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तुमचं काहीच गेलं नाही?"

"नाही."

"मग कशासाठी हो?"

याचं उत्तर मी बस स्टॉपपासून त्यांच्या दारापर्यंत घोकत आले होते. तिथे ते आठवेना. मी म्हटलं, "ती माझ्यापेक्षा मोठी झाली होती म्हणून." ते ऐकायला इतकं लहान वाटलं की मला माझीच लाज वाटली. कुंदाताईंनी मला आत बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. बरोबर केलं. मी निघताना म्हटलं की हे मी पेपरात लिहिणार आहे, तुमचं नाव बदलते. त्या म्हणाल्या, "बदलू नका. माझी मुलगी वाचेल. तिला वाटतं मी घाबरट होते."

पुढच्या शनिवारी मी महालात गेले. मिलिंदने ऑफिस उघडं ठेवलं होतं, सामान हलवायचं चाललं होतं. आतल्या लांबट खोलीत मी यापूर्वी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सुजाताने दहादा बोलावलं तरी मी टाळलं होतं, कारण तीस वर्षं पेंगणाऱ्या मुलांपुढे बुककीपिंग शिकवणाऱ्या मला, जिने एक दिवस शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं नाही तिच्यापुढे माणसं कशी ऐकत बसतात, ते बघायचं नव्हतं. दोन वाजायला पाच मिनिटं असताना त्या आल्या. पंधरा-सोळा जणी. नर्सा, एक शिवणकाम करणारी, एक मेसचे डबे करणारी, घाटावर पाहिलेल्या दोघी अंगणवाडी सेविका. चपला काढून मुकाट्याने आपापल्या जागी बसल्या आणि वह्या उघडल्या. कुणीतरी आधीच फळा पुसला होता.

मी सांगितलं की मी सुजाताची मैत्रीण, कॉमर्सची शिक्षिका. मग शिकवायला सुरुवात केली. मत्ता म्हणजे काय, दायित्व म्हणजे काय, व्याख्या, दोन बाजू, मधे उभी रेघ. माझं अक्षर फळ्यावर सुंदर येतं. दहा मिनिटं झाली. कुणी जांभई दिली नाही, त्या सभ्य होत्या. मग पुढे बसलेल्या रेखा नावाच्या नर्सने हात वर केला.

"मॅडम, राग नका मानू... पण सुजाता मॅडम असं नव्हत्या सांगत."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. आणि माझा जुना हेवा जागा झाला. तोच, दुकानात अण्णांच्या समोर जागा झालेला, सायकलच्या मागच्या सीटवर बसल्या बसल्या जागा झालेला. इतका ओळखीचा, इतका गरम, की महिनाभर कोरडे पडलेले माझे डोळे एकदम भरून आले. घाटावरून परतल्यापासून हे झालं नव्हतं. मला वाटलं होतं, संपलं ते.

"कसं सांगायच्या?" मी विचारलं.

रेखा बाकीच्यांकडे बघायला लागली. मी खडू तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, उठली, माझी उभी रेघ पुसली आणि बोलायला लागली, आधी चाचरत, मग एकेक जण मधे मधे तिला आठवण करून देऊ लागली, "नाही वं, पहिले थे डब्यावालीचं सांगत होत्या ना..." आणि खोलीत हसू पसरलं. रेखाची जागा रिकामी होती. मी तिथे खाली बसले. शेजारच्या शिवणकामवालीने माझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे वही नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने आपल्या वहीचं मधलं पान फाडून, पेनासकट, माझ्याकडे सरकवलं.